‘मला येत नाही’ हे येतं कुठून?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर वाचन-लेखन बंद होतं. आता ठीक आहे, नातेवाइकांनी काळजी करू नये. आजचा विषय मात्र त्या महिनाभरातल्या रिकामपणातच डोक्यात शिरला आणि मग निघता निघेना. म्हटलं, लिहून मोकळं व्हावं.

झालं असं की माझ्या चुलतभावाच्या नातीचा पुण्याहून फोन आला. तिचं खरं नाव इथे देत नाही, आपण तिला चिमी म्हणू. चिमी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तालुक्याच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकली, दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळाले, गावात बॅनर लागला, सरपंचांच्या हस्ते सत्कार झाला. आणि पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत केटी. फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलली, डोळा कसा आहे विचारलं, आणि मग एकदम म्हणाली, "आबा, इथे सगळ्यांना येतं. मलाच येत नाही. मी घरी परत येऊ का?"

मी काय म्हणालो असेन? जे कुणीही म्हातारा म्हणतो तेच. "अगं, होईल सगळं नीट. आत्मविश्वास ठेव." ती "हो आबा" म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. चौतीस वर्षं मास्तरकी केली आणि शेवटी सांगितलं काय, तर आत्मविश्वास ठेव! ठेव म्हटल्यावर ठेवायला ती काय पोस्टातली ठेव आहे? मुळात ‘मला येईल’ हे माणसाला वाटायला लागतं कशामुळे, आणि ‘मला येत नाही’ हे येतं कुठून, याचा मी इतक्या वर्षांत नीट विचारच केला नव्हता. इतिहास शिकवत होतो म्हणून सवयीने मागे वळून पाहिलं. जे सापडलं ते सांगतो.

आपल्याकडची आधुनिक विद्यापीठं १८५७ सालची. कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तिन्ही एकाच वर्षी स्थापन झाली. कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८५८ मध्ये झाली. निकाल काय लागला माहीत आहे? नियमाने पाहिलं तर सगळे नापास. एकेका विषयात थोडक्यात राहिलेल्या दोघांना कृपागुण देऊन पास केलं, आणि ते झाले आपले पहिले बी.ए. त्यातले एक होते बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. होय, तेच, ‘आनंदमठ’वाले. ज्यांच्या गीताला पुढे साऱ्या देशाने डोक्यावर घेतलं, ते ग्रेस मार्क घेऊन पास झाले होते. केटी लागलेल्या समस्त विद्यार्थ्यांनी ही गोष्ट खिशात बाळगावी.

आपल्या मुंबईला बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. एवढ्या मोठ्या मुंबई इलाख्यात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आपण ही नावं अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवीत. पण मास्तर म्हणून माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली. हे विद्यापीठ म्हणजे सुरुवातीपासून एक चाळण होती. ते तेव्हा स्वतः वर्ग घेत नव्हतं, फक्त परीक्षा घेत होतं. शिकवायचं कॉलेजांनी आणि चाळायचं विद्यापीठाने. आणि चाळायचं तेही परक्या भाषेत. चाळणीतून खाली पडलेल्या मुलाला मग कसं वाटणार की माझी तयारी कमी पडली, किंवा भाषा आडवी आली? त्याला वाटणार, मीच कोंडा आहे. हा समज तिथून जो आपल्या घराघरांत शिरला तो आजतागायत गेलेला नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. जो माणूस स्वतः इंग्रजीत पहिल्या प्रतीचा होता त्यालाच हे कळलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणखी एक गोष्ट. रानडे आणि भांडारकर दोघेही विद्यार्थिदशेतच ‘दक्षिणा फेलो’ होते. म्हणजे शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचं आणि त्यासाठी वेतन घ्यायचं. ज्याने कधी वर्गावर शिकवलंय त्याला हे चटकन कळेल. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला किती येतं ते आपल्यालाच पहिल्यांदा समजतं. मला पानिपत खरं कळलं ते बी.ए.ला नव्हे, सातवी ‘ब’ला शिकवताना.

आता दुसरं उदाहरण. हे लिहिताना हात जरा जपून चालतो, कारण माणूस फार मोठा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मी काय लिहिणार? पण एक विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे पाहावं असं मला फार दिवस वाटत होतं.

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना भीमरावांना शिक्षकांनी फळ्याजवळ गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा वर्गातली मुलं धावली. कशाला? फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून ते उचलायला. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावं लागलं. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केसुद्धा नाहीत. चिमीच्या चौऱ्याण्णवापुढे हे काय आहेत? पण त्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली, आणि त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकाने त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं.

या केळुसकर गुरुजींपाशी मी थबकतो. ते काही भीमरावांच्या शाळेतले मास्तर नव्हते. ते चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचायला जात, तिथे हाही मुलगा पुस्तक घेऊन बसलेला दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली, आणि पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पाहा, त्यांनी ‘आत्मविश्वास ठेव’ असं व्याख्यान दिलं की नाही मला माहीत नाही. पण त्यांनी पुस्तक दिलं, सभेत उभं राहून चार लोकांसमोर मान दिला आणि पैशांची सोय केली. शब्दाबरोबर वस्तू दिली. माझ्या फोनवरच्या शब्दात आणि त्यांच्या शब्दात हाच फरक होता.

१९१२ ला भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे तीन वर्षं राहिले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, जे जे दिसेल ते शिकले. जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. मॅट्रिकला २८२ गुण मिळवणारा तो हाच विद्यार्थी. बुद्धी काय बोटीवर बदलली? बदललं होतं ते एवढंच, की इथे त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायला बसताना कोणी डबा उचलत नव्हतं. फळ्याकडे जाताना मनाचा अर्धा भाग डब्यांकडे लावावा लागत नव्हता. सगळं मन गणिताला देता येत होतं.

अर्थात गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांचं शिकवणं ऐकायला येत, आणि तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप होताच. तेव्हा आतला विश्वास कितीही पक्का झाला तरी बाहेरचं जग आपोआप सुधारत नाही, हे विसरून चालणार नाही. बाबासाहेब हे विसरले नाहीत. त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली (१९४५), मुंबईला सिद्धार्थ कॉलेज (१९४६) आणि औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेलं कॉलेज (१९५०) काढलं. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि देशाचे कायदामंत्री असताना ते स्वतः तिथे जाऊन बोलले होते. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी सभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या मुलांना उभं राहून बोलायला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. नुसती फी माफ करून भागत नाही.

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो. सातारकरांना कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल काय सांगायचं! पण आता आमची अर्धी भावकी पुण्या-मुंबईत आणि अमेरिकेत आहे, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं. त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र भाकरी थापायची, एका पंगतीत जेवायची. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, एकेक करून आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि तिथे ‘कमवा आणि शिका’ ही योजना कॉलेजाच्या पातळीवर आली. स्वतः भाऊराव मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली ती १९५९ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडेच दिवस आधी.

‘कमवा आणि शिका’ म्हणजे गरिबांची सोय, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. सोय होतीच. पण माझे एक मामा या बोर्डिंगात होते, त्यांच्या बोलण्यातून मला त्यातलं दुसरं अंग समजलं. मामा घाटावरच्या एका वाडीतले. वर्गात इंग्रजीच्या तासाला उभं केलं की त्यांना घाम फुटायचा. पण सकाळी माळावर दगड फोडायला गेलं की तिथे शहरातल्या पोरांच्या हाताला फोड यायचे आणि मामांचा ढीग सगळ्यात आधी उभा राहायचा. मग त्यांच्याकडे कोठीचा हिशेब आला. ज्वारी किती आली, किती दळली, किती उरली. मामा म्हणायचे, "अरे, दीडशे माणसांच्या भाकरीचा हिशेब महिनाभर चुकला नाही, मग मला वाटलं, हे बीजगणित काय मोठं लागून गेलंय!"

मंडळी, हे वाक्य मी लहानपणी निदान वीस वेळा ऐकलं असेल. त्यावर आम्ही हसायचो. आता कळतं की मामांनी सगळं मानसशास्त्र त्यात सांगून टाकलं होतं. सकाळी एक गोष्ट जमली, डोळ्यांनी दिसली, चार जणांनी पाहिली. ती जमल्याची ऊब घेऊन माणूस दुपारी न जमणाऱ्या गोष्टीकडे वळला. त्यात शेजारच्या खाटेवरचा मुलगा आपल्याच सारख्या घरातला, आणि तो गेल्या वर्षी पास झालेला. ‘त्याला येतं तर मला का नाही?’ हा प्रश्न तिथे रोज उठता-बसता पडायचा. याच बोर्डिंगातून शिकलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. मामांच्या दृष्टीने बॅरिस्टर म्हणजे पुस्तकातला कुणी नव्हता, आपल्याच पंगतीतला होता.

निवृत्तीनंतर मला अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचायला मिळालं. हा गृहस्थ कॅनडातल्या एका खेड्यात वाढला. त्याच्या शाळेत वरच्या वर्गांना शिक्षक अवघे दोन होते. म्हणजे आपल्यातलाच म्हणायचा! १९७७ मध्ये त्याने एक विचार मांडला. ‘मी चांगला आहे’ असं वाटणं वेगळं आणि ‘हे विशिष्ट काम मला जमेल’ असं वाटणं वेगळं. हे दुसरं चार वाटांनी येतं. पहिली आणि सगळ्यात पक्की वाट म्हणजे स्वतः करून जमणं. दुसरी, आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं. तिसरी, विश्वासातल्या माणसाचा शब्द. चौथी म्हणजे शरीर, छातीत धडधड झाली की ‘आपल्याला येत नाही म्हणूनच होतंय’ असा अर्थ लावणं किंवा न लावणं. बँडुराने सापाला भिणाऱ्या माणसांवर प्रयोग केले होते. सापाबद्दल व्याख्यान ऐकवून भीती फारशी जात नाही. आधी लांबून, मग काचेतून, मग कुणीतरी हात धरून, असं करत साप प्रत्यक्ष हाताळला की जाते. मी चिमीला फोनवर दिलं होतं ते सापावरचं व्याख्यान.

आणखी एक गोष्ट वाचली, आणि ती तर मला थेट बोर्डिंगात घेऊन गेली. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन नावाचा तरुण गणित शिकवत होता. त्याच्या लक्षात आलं की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात नापास होतायत, आणि त्यातले कितीतरी आपापल्या शाळांत पहिले आलेले. त्याने प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं ओळखीचीच आली. त्यांना तळमळ नाही, पाया कच्चा, घरची परिस्थिती, घरच्यांचं लक्ष नाही. (शिक्षक खोलीत मी स्वतः ही वाक्यं किती वेळा बोललोय!) ट्राइसमनने मग वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थी घेतले आणि त्यांच्या खोल्यांत, वाचनालयात मागे मागे फिरून ते अभ्यास कसा करतात ते पाहिलं. वर दिलेलं एकही कारण टिकलं नाही. फरक सापडला तो असा: चिनी मुलं आधी एकटी आणि मग चार जणांत बसून अभ्यास करत, उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय मुलं नेमून दिलेला अभ्यास मन लावून, पण अगदी एकटी करत. त्यामुळे गणित अडलं की एकाला वाटायचं, मलाच अडलं. दुसऱ्यांनाही अडलेलं आहे हे कळायला वावच नव्हता.

ट्राइसमनने त्यांना ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन ती एकत्र बसून सोडवायचे वर्ग काढले. निकाल पार बदलून गेला. ‘तू कच्चा आहेस, म्हणून तुला सोपं देतो’ असं म्हणण्याऐवजी ‘हे अवघड आहे, तुम्ही मिळून करू शकाल’ असं म्हणणं, एवढाच काय तो बदल. पण तो करायला प्राध्यापकाला आधी स्वतःचं मत तपासावं लागलं.

इथे मला माझ्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक मला झालेल्या जखमेची, एक मी केलेल्या.

पहिली १९६८ ची. जुनी अकरावीची एस.एस.सी. होऊन मी जिल्ह्याच्या गावी कॉलेजात गेलो. पहिल्याच तासाला हजेरी सुरू झाली. सगळे "येस सर" म्हणत होते. माझं नाव आलं आणि सवयीने मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "हजर, गुरुजी!" सगळा वर्ग हसला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बसा गुरुजी." पुन्हा हशा. बस्स, एवढंच. पण पुढचं वर्षभर मी त्या तासाला तोंड उघडलं नाही. बी.ए. मी मराठीतून उत्तरं लिहून झालो, चांगल्या मार्कांनी झालो, तरी आज पंच्याहत्तरीला आलो तरी इंग्रजीत कुणी काही विचारलं की पहिल्यांदा कानात तो हशा ऐकू येतो. गंमत म्हणजे मला त्या वेळी कधी सुचलंच नाही की हसणाऱ्यांतले निम्मे माझ्यासारखेच खेड्यातले होते आणि आपण वाचलो म्हणून हसत होते.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप मेंढरं राखणारा. मुलगा हुशार, गणितात विशेष. दहावीनंतर विचारायला आला, "सर, सायन्स घेऊ का?" मला त्याच्या घरची परिस्थिती माहीत होती. मी मायेनेच म्हणालो, अगदी मायेने, "बाळा, तुझ्या घरात विचारायला कुणी नाही. झेपेल तेच घे." त्याने आर्ट्स घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी सोडलं. बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला. पाया पडला, चहा पाजला. धंदा बरा चाललाय म्हणाला. मग सहज बोलून गेला, "सर, तुम्ही म्हणालात ते बरं केलं. नाहीतर मी उगाच सायन्सच्या नादी लागलो असतो." त्याच्या मनात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. माझं मत त्याने स्वतःचं मत म्हणून वीस वर्षं सांभाळलं होतं. केळुसकर गुरुजी बागेत भेटलेल्या परक्या मुलासाठी सयाजीरावांपर्यंत गेले, आणि मी माझ्या वर्गातल्या मुलासाठी शेजारच्या सायन्सच्या मास्तरांपर्यंतसुद्धा गेलो नाही. "विचारायला कुणी नाही" म्हणालो, पण "मला विचार" म्हणालो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. आता ती वाचेलच.

असो. तर चिमीचं काय झालं ते सांगतो.

आठवड्याने मीच फोन केला. आत्मविश्वासाचं नावसुद्धा काढलं नाही. विचारलं, "अभ्यास कुठे करतेस?" म्हणाली, "खोलीत." "कुणाबरोबर?" "एकटीच. बाकीच्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतात आबा, त्यांच्यात जायला भीती वाटते." "तुझ्या वर्गात मराठी माध्यमातली दुसरी कुणी?" म्हणाली, "आहेत तीन-चार. पण त्यांचंही माझ्यासारखंच आहे." मी म्हटलं, "मग झालं तर. त्यांनाही असंच वाटत असणार की आपल्या एकट्यालाच येत नाही. रविवारी त्यांना बोलाव. आणि सोपी नको, सगळ्यात अवघड दोन गणितं घेऊन बसा." तिला बंकिमचंद्रांची कृपागुणांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा हसली. नंतर मी आमच्या शाळेतून पुढे इंजिनिअर झालेल्या एका विद्यार्थिनीला फोन केला. ती पुण्यातच असते, तिलाही पहिल्या वर्षी केटी होती. तिने चिमीला घरी जेवायला बोलावलं.

पुढचं अजून ठरलेलं नाही. चिमी राहिली आहे, एवढं खरं. दर रविवारी तिघी जणी बसतात, चौथी कधी येते कधी नाही. एका विषयाचा पेपर बरा गेला म्हणते, दुसऱ्याची धाकधूक आहे. निकाल लागेल तसा लागेल. परवा फोनवर म्हणाली, "आबा, काल एक इंटिग्रेशन आम्हा तिघींनाही आलं नाही. मग आम्ही त्या इंग्रजीवालीला विचारलं. तर तिलाही येत नव्हतं!" हे सांगताना तिचा आवाज इतका आनंदी होता की जणू गणित सुटलंच.

मला मामांची कोठी आठवली.

तुमच्यापैकी पुष्कळ जण कॉलेजात पहिल्यांदा खेड्यातून शहरात, किंवा शहरातून परदेशात गेलेले आहात. ‘मला येत नाही’पासून ‘मला येईल’पर्यंत तुम्हाला कोणी, कशाने आणलं? आणि तुमच्या तोंडून कधी कुणाला ‘झेपेल तेच घे’ असं गेलं का? सवडीने कळवा. डोळा आता बरा आहे, सगळं वाचीन.